सिस्टर : परक्याची शुश्रूषा आणि घरची ओढ

१/
तेल्हाऱ्याचे ग्रामीण रुग्णालय असो वा अकोल्याचे सर्वोपचार, खाटेवरच्या रुग्णाच्या तोंडी एकच हाक असते : "सिस्टर!" वऱ्हाडी बोलीत हा शब्द इतका रुळला आहे की तो परका आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. या शब्दामागे सव्वाशे वर्षांहून मोठा प्रवास आहे. त्यात मिरज आणि वाशीम आहे, केरळ आहे, फिलिपिन्स आणि जर्मनीही आहे. त्या प्रवासाचे पुढचे वळण आता महाराष्ट्राच्या दारात येऊन ठेपले आहे. #थ्रेड

२/
युरोपात रुग्णसेवा दीर्घकाळ ख्रिस्ती संन्यासिनींच्या हाती होती. 'सिस्टर' हे संबोधन तिथले. पुढे इंग्रजी लष्कराने ते उचलले. २१ फेब्रुवारी १८८८ रोजी कॅथरिन लॉक आणि त्यांच्या सहकारी परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांच्या शुश्रूषेसाठी सरकारने धाडलेली प्रशिक्षित परिचारिकांची ही पहिली तुकडी, जेमतेम दहा जणींची. म्हणजे या देशात आधुनिक परिचर्येचा आरंभ झाला तोच घर सोडून आलेल्या स्त्रियांच्या हातांनी.

३/
पाठोपाठ मिशनची रुग्णालये उभी राहिली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढले; ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे. वऱ्हाडात वाशीम येथे, जे तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन स्त्री-डॉक्टरने १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले. अशा रुग्णालयांना डॉक्टरइतकीच परिचारिकेची निकड भासे. म्हणून रुग्णालयाच्या आवारातच परिचर्येचे वर्ग भरू लागले. मिरजेचे नाव इथे लक्षात ठेवावे. पुढे त्याची गाठ फिलिपिन्सशी पडणार आहे.

४/
मराठी समाजाला शुश्रूषा परकी होती असे नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ रुग्णांची सेवा केली. पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्ण आणवीत. त्या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घरातील आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून सेवा करणे हे तर प्रत्येक घरातील बाईचे गृहीत धरलेले कामच होते. अडचण होती ती तेच काम पगार घेऊन, परक्या माणसासाठी करण्याची.

५/
परिचर्येत रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावावा लागे. जातीची बंधने झुगारून कोणाच्याही अंगाला स्पर्श करावा लागे. रात्रपाळी करावी लागे, पुरुष रुग्णांच्या वॉर्डात वावरावे लागे. सोवळ्याओवळ्याच्या समाजात या प्रत्येक गोष्टीला बोल लागत असे. त्यामुळे उच्चवर्णीय हिंदू आणि मुसलमान घरांतील मुली या वाटेला क्वचितच येत. पहिल्या पिढ्यांतील परिचारिका बहुतांशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, अथवा ज्यांना दुसरा आधार उरला नव्हता अशा स्त्रिया होत्या.

६/
ही कोंडी फोडण्याचा एक धीट प्रयत्न पुण्यात झाला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुणे सेवासदन स्थापन झाले. संस्थेने विधवा आणि निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास पाठवले, त्यांच्या निवासाची सोय केली. ज्या विधवेला घरातील शुभकार्यात पुढे येण्याची मुभा नव्हती, तिच्या हाती प्रसूतीच्या खोलीतील नवजात बाळ आले. परंतु असे प्रयत्न मोजके राहिले. मराठी मध्यमवर्गाने शाळामास्तरीण स्वीकारली. परिचारिकेला मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवले.

७/
त्याची किंमत आकड्यांत दिसली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला. त्यात परिचारिकांची संख्या अवघी ७ हजारांच्या आसपास होती. सुमारे ४३ हजार लोकांमागे एक. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाला एक घडी बसली. नवी रुग्णालये उभी राहू लागली. त्यांतल्या खाटांशेजारी उभे राहणारे हात आणायचे कोठून, हा प्रश्न उरलाच होता.

८/
उत्तर दक्षिणेकडून आले. त्रावणकोर आणि कोचीन संस्थानांत मुलींच्या शाळा लवकर रुजल्या होत्या. तेथील मोठ्या ख्रिस्ती समाजात रुग्णसेवेला धर्मकार्याची प्रतिष्ठा होती. चर्चच्या ओळखीतून दूरच्या रुग्णालयांची दारे उघडत. जमीन थोडी, घरात भावंडे अनेक, गावात नोकरी नाही. अशा घरांतील मुली शाळा संपवून मुंबई, पुणे, नागपूर येथे शिकण्यास निघाल्या. शिकतानाच विद्यावेतन आणि वसतिगृह मिळे, हे त्या घरांसाठी मोठे आकर्षण होते. मराठी रुग्णांची 'सिस्टर' अशी मल्याळी झाली.

९/
आज विमानाने दोन तासांत संपणारे ते अंतर तेव्हा फार होते. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण होण्यापूर्वी मुंबईहून केरळला जाणारी गाडी पुणे, सोलापूर, गुंतकल असा मोठा वळसा घेई. पत्राचे उत्तर येण्यास आठवडे लागत. वर्षातून एकदा रजा, तीही वॉर्डातील पाळ्या जुळल्या तर. ओणम आणि नाताळ कित्येकींनी खाटांच्या रांगांमध्येच घालवला. भाषा अवगत झाली तीही रुग्णांकडूनच. "दुखतं का?" हा त्यांच्या मराठीतील पहिल्या वाक्यांपैकी एक असावा, यात नवल नाही.

१०/
मराठीत घरच्या ओढीला एक हक्काचा शब्द आहे : माहेर. जात्यावरच्या ओव्यांनी तो शब्द शतकानुशतके जागवला. पण ती ओढ लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीची. परिचारिका घर सोडून गेली ती कमावण्यासाठी. धाकट्या भावाची फी, बहिणीचा हुंडा, वडिलांचे कर्ज, घराचे छप्पर हे सारे तिच्या मनिऑर्डरीवर चाले. ती घरातील कर्ता पुरुष झाली, पण त्या घरात राहणे मात्र तिच्या वाट्याला आले नाही. अशा ओढीला आपल्या भाषांनी अजून नीटसे नाव दिलेले नाही.

११/
याच ओढीवर एका अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था उभी राहिली, तो देश फिलिपिन्स. मिरजेची गाठ पडते ती इथे. ज्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने मिरजेत काम केले, त्याच पंथाच्या डॉ. अँड्र्यू हॉल यांनी १९०१ मध्ये फिलिपिन्सच्या इलोइलो शहरात रुग्णालय काढले. तेथे १९०६ मध्ये परिचर्येचे विद्यालय निघाले. त्या देशातील ते पहिले. बीज एकाच हाताचे होते. मग इलोइलोची परिचारिका शिकागोला का पोहोचली आणि मिरजेची का नाही?

१२/
उत्तर सत्तेत आहे. १८९८ च्या युद्धात हरलेल्या स्पेनने पॅरिसच्या तहान्वये फिलिपिन्स बेटे २ कोटी डॉलरच्या बदल्यात अमेरिकेला दिली. तेथील लोकांना कोणी विचारले नाही. वऱ्हाडला हा अनुभव ओळखीचा वाटेल. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. दशकभरात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दूरच्या बाजाराला काय हवे, त्यावर इथले पीक ठरू लागले. फिलिपिन्समध्ये तसेच एक पीक तयार झाले, माणसांचे.

१३/
१९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले. शाळांची भाषा इंग्रजी झाली. परिचर्येचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, गणवेश, शिष्टाचार सारे अमेरिकन नमुन्यावर बेतले गेले. अनास्तासिया हिरोन-तुपास यांच्यासारख्या कर्तबगार स्त्रिया त्यातून घडल्या. त्या मनिलाच्या सरकारी रुग्णालयाच्या पहिल्या फिलिपिनो मुख्य परिचारिका. १९२२ मध्ये त्यांनी परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभारली. मात्र स्वदेशासाठी घडवलेली ही परिचारिका आपोआपच अमेरिकन रुग्णालयाच्या मापाचीही झाली होती.

१४/
फिलिपिन्स १९४६ मध्ये स्वतंत्र झाले. १९४८ पासून अमेरिकेने 'विनिमय अभ्यागत' योजना राबवली : परदेशी तरुणांनी दोन वर्षे यावे, शिकावे, परत जावे. १९५६ ते १९६९ या काळात ११ हजारांहून अधिक फिलिपिनो परिचारिका या योजनेतून गेल्या. नावाला त्या विद्यार्थिनी होत्या. अनेक रुग्णालयांनी त्यांना पूर्ण परिचारिकेचे काम दिले आणि हाती विद्यावेतन ठेवले. ज्या रात्रपाळ्या स्थानिक परिचारिकांना नको असत, त्या यांच्या वाट्याला येत.

१५/
१९६५ च्या कायद्याने अमेरिकेत स्थायिक होण्याचा मार्ग मोकळा झाला. इकडे १९७२ मध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. देशावर कर्ज होते, बेकारी होती. १९७४ च्या कामगार संहितेने परदेशी नोकरी हे सरकारचे अधिकृत धोरण केले. परिचर्येची महाविद्यालये झपाट्याने वाढली. परदेशात राबणाऱ्या नागरिकांना पुढे राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी देशाचे 'नवे वीर' म्हणून गौरवले. वीर म्हटले की त्याग ओघाने आला, आणि त्यागाचा हिशेब मागण्याची सोय उरत नाही.

१६/
त्या वीरांचे दैनंदिन जगणे साधे होते. उष्ण बेटांवरून आलेली मुलगी शिकागोच्या हिवाळ्यात पहाटेची पाळी संपवून बर्फातून खोलीवर परते. एका खोलीत तिघी-चौघी राहात, भात शिजवत, एकमेकींचे केस विंचरत. दूरध्वनी महाग, म्हणून कॅसेटवर आवाज भरून धाडला जाई. घरी सारे शेजारी जमून ती ऐकत. फिलिपिन्समध्ये सप्टेंबर लागताच नाताळची चाहूल लागते. परदेशातील परिचारिकेसाठी ते चार महिने सर्वांत जड जात. आई गेल्याची बातमी यायची ती बहुधा अंत्यविधी उरकल्यावर.

१७/
परकेपणाची धार कधी जीवघेणी ठरे. १९७५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ॲन आर्बर येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात अनेक रुग्णांचे श्वास अचानक थांबले, काही दगावले. संशय दोन फिलिपिनो परिचारिकांवर आला : फिलिपिना नार्सिसो आणि लिओनोरा पेरेझ. १९७७ मध्ये पंचांनी त्यांना दोषी ठरवले. प्रत्यक्ष पुरावा नव्हता. न्यायाधीशांनी तो निवाडा रद्द केला आणि १९७८ मध्ये खटला मागे घेण्यात आला. दरम्यान फिलिपिनो समाज त्यांच्या बचावासाठी शहराशहरांतून वर्गणी गोळा करीत होता.

१८/
घरी जाई ती एक मोठी खोकी, 'बालिकबायान' या नावाने ओळखली जाणारी. साबण, चॉकलेट, डबाबंद मांस, बूट, टॉवेल. महिनोनमहिने जमवून ती समुद्रमार्गे पाठवायची. मुले आजीकडे वाढत आणि आईला खोक्यातील वस्तूंवरून ओळखत. परिचारिका परक्या वृद्धाला न्हाऊमाखू घाली, तेव्हा तिच्या स्वतःच्या वडिलांकडे पाहण्यास शेजारची बाई पगारावर ठेवलेली असे. त्या बाईची मुले तिच्या आईकडे. समाजशास्त्रज्ञ याला शुश्रूषेची साखळी म्हणतात. साखळीच्या शेवटच्या कडीशी जो असतो, त्याच्याकडे पाहण्यास कोणीच उरत नाही.

१९/
या साखळीत केरळही होते. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीला परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या. कॅथलिक चर्चच्या संपर्कातून केरळातील काही हजार तरुणी तिकडे गेल्या. दक्षिण कोरियातून दहा हजारांहून अधिक परिचारिका गेल्या, फिलिपिन्समधूनही गेल्या. १९७३ नंतर तेथे मंदी आली. १९७७ च्या सुमारास अनेकींचे परवाने वाढवण्यास नकार मिळाला. दहा वर्षे रुग्णांची सेवा केलेल्या स्त्रियांना परतण्यास सांगण्यात आले. कोरियन परिचारिकांनी सह्यांची मोहीम काढून राहण्याचा हक्क मिळवला. पुष्कळ भारतीय परिचारिकांना मात्र परतावे लागले.

२०/
परतणे हा प्रश्न सुटण्याचा शेवट नसतो. जुलै २०१४ मध्ये इराकमधील तिक्रित येथे युद्धात अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिका कोचीच्या विमानतळावर सुखरूप उतरल्या. देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांच्यापैकी अनेकींवर शिक्षणाचे कर्ज होते, भरती करणाऱ्या दलालाचे पैसे फेडायचे होते. काहींनी पुन्हा परदेशी नोकरीचा शोध सुरू केला. गोळीबाराच्या भीतीहून बँकेचा हप्ता अधिक निश्चित होता. घरची ओढ आणि घरचे कर्ज, दोन्ही एकाच दिशेने ओढत नाहीत.

२१/
२०२० च्या महासाथीत हे सारे उघडे पडले. अमेरिकेतील नोंदणीकृत परिचारिकांत फिलिपिनो सुमारे ४ टक्के. सप्टेंबर २०२० पर्यंत कोरोनाने दगावलेल्या परिचारिकांत त्यांचा वाटा, तेथील परिचारिकांच्या संघटनेच्या गणनेनुसार, जवळपास एक-तृतीयांश होता. फिलिपिन्सने आधी परिचारिकांचे जाणे थांबवले, मग वार्षिक ५ हजारांची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या सरकारने ब्रिटन आणि जर्मनीपुढे प्रस्ताव ठेवला : लस द्या, अधिक परिचारिका पाठवू. ब्रिटनने तो नाकारला. पण हिशेब जगासमोर मांडला गेला होता.

२२/
आता पुन्हा महाराष्ट्र. जर्मनी वृद्ध होत आहे. तिने २०१३ मध्ये फिलिपिन्सशी आणि २०२१ मध्ये केरळशी परिचारिकांच्या भरतीचे करार केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. प्रायोगिक टप्प्यात दहा हजार उमेदवार तयार करण्याचे ठरले. व्यवसायांच्या यादीत परिचारिका आहेत. ज्या राज्याने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या लेकी आपल्या खाटांशेजारी उभ्या केल्या, ते आता आपल्या लेकी दुसऱ्यांच्या खाटांशेजारी पाठवू पाहत आहे.

२३/
यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वऱ्हाडच्या कोरडवाहू घरातील मुलीसाठी जर्मन पगार म्हणजे एका पिढीत पालटणारे दैव. शंभर वर्षांपूर्वी ज्या कामाला समाजाने नाके मुरडली, त्याच कामासाठी आज आईबाप अभिमानाने फी भरतात, हा बदल लहान नव्हे. फिलिपिन्सचा इतिहास जाण्यापासून परावृत्त करीत नाही. तो एवढेच दाखवतो की नुकसान कोठे झाले : करार कच्चा होता तेथे, कर्ज दलालाचे होते तेथे, परवाना मंदीबरोबर संपत होता तेथे, आणि पाठवणाऱ्या गावात मागे कोणी उरले नाही तेथे.

२४/
शेवटचा मुद्दा तेल्हाऱ्याचा. पूर्णा खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. खारट पाण्यामुळे मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न येथे जुना आहे. अशा भागाला प्रशिक्षित परिचारिका स्टुटगार्टइतकीच हवी. फिलिपिन्समध्ये एक काळ असा आला की डॉक्टर पुन्हा परिचर्या शिकून परदेशी जाऊ लागले आणि खेड्यांतील रुग्णालयांना माणसे मिळेनात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्यसेवकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी संहिता केली, ती याच अनुभवातून : घेणाऱ्या देशाने देणाऱ्याच्या शिक्षणात आणि रुग्णालयांत वाटा उचलावा. ती ऐच्छिक आहे, बंधन नाही.

२५/
'सिस्टर' ही हाक बहिणीची आहे. वॉर्डातील रुग्ण ती हाक मारतो तेव्हा त्या स्त्रीला क्षणभर आपल्या घरात ओढून घेतो. तिचे खरे घर कोट्टायमला असेल, इलोइलोला असेल, उद्या कदाचित तेल्हाऱ्याला असेल. लॉक यांच्या पहिल्या तुकडीपासून आजवर या व्यवसायाने जगाला एक गोष्ट दिली : परक्याच्या उशाशी जागणारे आपले माणूस. त्या माणसाच्या स्वतःच्या उशाशी कोण जागते, हा प्रश्न इतिहासाने फार उशिरा विचारायला घेतला. करारावर सही होण्यापूर्वी तो विचारला गेला, तर वऱ्हाडच्या लेकींच्या वाट्याला तीच कहाणी पुन्हा येणार नाही.

(समाप्त) #इतिहास #वऱ्हाड #परिचारिका